कानाचा रकाना

दुरुस्त झालेला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला गेलो, तेव्हा शरदरावांनी मीटरवरचे आकडे दाखवले. आवाज कुठे फाटत नव्हता, दोन्ही बाजू सारख्या होत्या. पण या कारागिराच्या पावतीवर दोन रकाने असतात, मीटर आणि कान. कानाचा रकाना गिऱ्हाइकानेच भरायचा. त्याशिवाय ते यंत्र हातात देत नाहीत.

"माझ्या कानांवर कसला भरवसा ठेवता?" मी चिडूनच म्हणालो. "परवाच तपासून आलोय. वरचे सूर ऐकू येत नाहीत, डॉक्टरांनी आलेखच काढून दिलाय."

"मग घरी कुणाच्या कानांनी ऐकणार आहात?" असं म्हणत त्यांनी मी आणलेली कॅसेट लावली. बायको रोज गायची, तेव्हाच्या तिच्या रियाजाची.

तंबोरा पूर्वीइतका लखलखीत वाटला नाही, हे खरं. पण तान घेण्याआधी तिने श्वास घेतला, तो मात्र स्वच्छ ऐकू आला. मनात आलं, यंत्रातून काय बाहेर पडतं ते मीटर सांगेल. माझ्यापर्यंत काय पोचतं, ते मलाच सांगावं लागणार. घरी गेल्यावर तिला पुन्हा गायला बसवायचं, हेही तिथेच ठरलं.

रकान्यात मी 'ठीक' लिहिलं. मग ते खोडून लिहिलं, 'श्वासासकट'.