चिंधूचा दहाचा पाना

चूक माझीच. मोबाईलवर मेसेज आला, खाली निळं बटण होतं, मी दाबलं. तेव्हा मी भिवंडी कोर्टाबाहेर वडापाव खात होतो आणि अंगठा तेलकट होता. माझ्या बचावात एवढंच सांगता येईल.

आमचे वकीलसाहेब, म्हणजे भाऊ, यांनी भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या गोदामांचे भाडेकरार करून करून गेल्या वर्षी एक आठ वर्षं जुनी परदेशी गाडी घेतली. मी त्यांचा कारकून. गाडीचं ऑइल बदलायचं होतं, म्हणून मी ती ठाण्याकडच्या एका मोठ्या शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला सोडून आलो होतो. मेसेजमध्ये चौदा ओळींची यादी होती. पहिली ओळ वाचली, ‘इंजिन ऑइल’, आणि उरलेल्या तेरा ओळींना न वाचता मंजुरी देऊन टाकली. बिल झालं चौऱ्याऐंशी हजार तीनशे.

“नाव शार्दूल आणि अक्कल सशाची!” भाऊंचा आवाज खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला. “वाचल्याशिवाय सही करू नका, हे सांगायचे मी लोकांकडून पैसे घेतो. आणि माझाच कारकून?”

“भाऊ, सही नव्हती. बटण होतं.”

“मग पाच महिने पगार कापतो. त्यालाही बटण दाब.”

माझा पगार सतरा हजार. हिशोब बरोबर होता, त्यामुळे वाद घालता आला नाही.

कोर्टाबाहेरचे रिक्षावाले म्हणाले, कोन गावात चिंधूकडे जा, असल्या गाड्यांची नाडी त्याला कळते. तर कल्याण रोडवर, टायरवाल्याच्या मागे, एक पत्र्याची शेड. जमीन मातीची. आत एक काटक, चाळिशीचा माणूस टायरवाल्याचे पाने पुसत बसलेला. हे पाने तो रोज शंभर रुपये भाड्याने घेतो, हे मला नंतर कळलं.

मी बिल दिलं. त्याने ते माझ्यासारखं वाचलं नाही. एकेका ओळीवर काळं बोट ठेवून वाचलं, शेवटापर्यंत. मग डॅशबोर्डचा कप्पा उतरवून मागून एसीचा फिल्टर ओढला आणि माझ्या पांढऱ्या शर्टावर झटकला. गोधडी झटकल्यासारखा कापसाचा तूस उडाला.

“ह्यो नवा? पाच हजार आठशेचा?”

गाडीचा आधीचा मालक कामतघरचा पॉवरलूमवाला. त्याच्या कारखान्याचा कापूस अजून त्या फिल्टरमध्ये मुक्कामाला होता. कडेला छापलेली तारीख चार वर्षांपूर्वीची. ब्रेकचं तेल, जे बिलात ताजं होतं, ते कोऱ्या चहासारखं काळं. ऑइल तेवढं खरंच बदललेलं होतं. मी फोटो काढले. न केलेल्या कामांच्या ओळींची बेरीज निघाली एकेचाळीस हजार.

“तुमचे किती द्यायचे?” मी विचारलं.

“पैसं नको. मना त्या शोरूमात घेऊन चल. गेटावरचे आत सोडीत न्हाय. माजी पेटी हाय आत.”

मग ती गोष्ट निघाली. चिंधू वज्रेश्वरीच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. बाप लोकांच्या भातलावणीला आणि वीटभट्टीला जाणारा. चिंधू त्याच शोरूममध्ये गाड्या धुवायला लागला, आणि बघून बघून इंजिन शिकला. अकरा वर्षं कामं मेकॅनिकची केली, कागदावर हेल्परच राहिला. गिऱ्हाइकाला मजुरी लागायची तासाला अडीच हजार. चिंधूला दिवसाचे पाचशे मिळायचे, तेही जेवणाची सुट्टी कापून.

पाड्यावर रीत अशी, की ताडीचा पहिला घोट आणि नव्या भाताचा पहिला घास धरतरीचा, म्हणजे भुईचा. चिंधूचं म्हणणं, इंजिनही पितंच की. म्हणून नवं तेल ओतायच्या आधी तो दोन थेंब जमिनीवर सोडायचा. शोरूमची जमीन आरशासारखी, म्हणून खाली फडकं धरायचा. अकरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. एकदा फडकं विसरला, आणि काचेपलीकडून गिऱ्हाईक बघत होतं. त्याने तक्रार केली, ‘माझ्या गाडीवर जादूटोणा चाललाय.’ संध्याकाळपर्यंत चिंधू गेटबाहेर. फरशी खराब केल्याचा दंड म्हणून त्याची हत्यारांची पेटी ठेवून घेतली. त्या पेटीतला एकही पाना शोरूमचा नव्हता. एकेक त्याने पगारातून विकत घेतलेला.

“दोन वरीस झाली,” चिंधू म्हणाला. “पेटी असती तर इंजिनं खोलली असती. आता निस्तं तेल बदलतो. वाघोबा, नेशील ना?”

शार्दूल म्हणजे वाघ, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, “नेतो.”

दुसऱ्या दिवशी भाऊंची गाडी मी चालवली आणि चिंधू मागच्या सीटवर बसला, स्वच्छ शर्ट घालून. गेटवरच्या वॉचमनने काचेतून बघितलं. “अरे, तेरेको मना किया है ना?”

“गाडी देख,” मी म्हणालो. “साब पीछे बैठा है.”

गाडी बघून त्याने सलाम ठोकला. त्या गेटवर माणसं ओळखायची पद्धत ती.

आत कॉफीचा वास, सोफे, आणि सोफ्यांवर आपापल्या गाडीची वाट बघणारी सात-आठ माणसं. ज्या मॅडमनी मला मेसेज पाठवला होता त्या मृणाली मॅडम हसत आल्या. “सर, सर्व्हिस कशी वाटली?” मी फिल्टर त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवला. तूस उडाला. हसू संपलं आणि मॅनेजर आला.

“बाहेरच्या माणसाने गाडी उघडलीय. वॉरंटी गेली,” मॅनेजर म्हणाला.

“गाडी आठ वर्षांची आहे. वॉरंटी तुम्ही नोकरीला लागायच्या आधीच गेली असेल.”

मग त्याची नजर चिंधूवर पडली. “हा इथे कसा? हाच तो, तेल सांडणारा!”

चिंधूने माझ्या हातातलं बिल घेतलं आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. “वाच, वाघोबा.”

“पर्यावरण शुल्क, नऊशे पन्नास.”

“मी धरतरीला दोन थेंब दिलं, तं मना हाकलला,” चिंधू मॅनेजरला म्हणाला. “तुमी तिच्या नावानं नऊशे पन्नास घेता. ते कुठं वतता?”

मॅनेजरकडे कागद होते. तो आत जाऊन दोन घेऊन आला. एक माझ्यासाठी. एकेचाळीस हजार परत, ‘सदिच्छा म्हणून’. चोरी पकडली गेली की तिचं नाव सदिच्छा होतं. दुसरा चिंधूसाठी. पेटीवर आपला कोणताही हक्क उरलेला नाही. “दोन्ही सह्या झाल्या तर पैसे आत्ता. नाहीतर कोर्टात भेटू, दहा वर्षं लागतील.”

कोर्टात किती वर्षं लागतात ते मला सांगायची गरज नव्हती, माझं तर दुकानच तिथे. मी मनात हिशोब करत राहिलो. किती वेळ, ते लिहीत नाही. एकेचाळीस हजार म्हणजे माझे अडीच महिने.

चिंधूने माझ्याकडे बघितलं आणि पेन उचललं. “तुजा पगार हाय,” तो म्हणाला. “पेटी तशीबी घासून घासून जुनी झाली असल.”

तेव्हा कुठे मला लाज वाटली. मी पेन त्याच्या हातातून घेतलं. “वाचल्याशिवाय सही नाही,” मी म्हणालो. भाऊंचं वाक्य, पहिल्यांदाच फुकट वापरलं. मग सोफ्यांकडे तोंड करून उभा राहिलो आणि कोर्टात पुकारा करतात त्या आवाजात ती चौदा ओळींची यादी वाचायला लागलो. दर ओळीनंतर चिंधू एवढंच म्हणायचा, “केलं,” किंवा “न्हाय केलं.”

“एसी फिल्टर, पाच हजार आठशे!”

“न्हाय केलं.”

“ब्रेक ऑइल, नऊ हजार दोनशे!”

“न्हाय केलं.”

“एसीचं निर्जंतुकीकरण, चार हजार!”

“न्हाय केलं. निस्ता सेंट मारलाय.”

सहाव्या ओळीला एका काकांनी चष्मा लावून स्वतःच्या मोबाईलमधला मेसेज उघडला. आठव्या ओळीला चार जण मोबाईल बघत होते. “अहो, हे माझ्याही यादीत आहे,” एक बाई मृणाली मॅडमना म्हणाल्या. “जरा तुमच्या त्या माणसाला विचारता का, माझं केलंय का?” त्या माणसाला, म्हणजे चिंधूला.

नवव्या ओळीला मॅनेजरने माझा दंड धरला. “बस करा. पेटी आणा रे त्याची!”

पेटी आली. तिच्यावर धूळ नव्हती, म्हणजे दोन वर्षं जप्तीत राहूनही पाने कामावर होते. चिंधूचा हक्क सोडायचा कागद मॅनेजरने स्वतःच फाडला. चिंधू तिथेच, त्या आरशासारख्या फरशीवर उकिडवा बसला आणि एकेक पाना हाताने चाचपून बाहेर ठेवत गेला. आठचा, बाराचा, चौदाचा. मग थांबला.

“दहाचा न्हाय.”

“दहाचा कुठेही मिळतो,” मॅनेजर म्हणाला. “हे घे दोनशे रुपये, नवीन घे.”

चिंधूने नोटांना हात लावला नाही. “माज्या पयल्या पगाराचा हाय. दांड्याला कानशीनं तीन रेघा मारल्यात. त्योच पायजे.”

तो काही सापडला नाही, किंवा कुणी शोधला नाही. एकेचाळीस हजार परत मिळाल्याच्या सहीसाठी मला टॅबलेट दिला. त्यात खाली ‘शेरा’ म्हणून एक चौकट होती. बहुधा कुणी तिच्यात कधी काही लिहीत नसावं. मी मराठीत टाईप केलं, ‘चिंधूचा दहाचा पाना येणे बाकी’, आणि मगच सही केली. मॅनेजरने ते वाचलं नाही. वाचायची सवय त्यालाही नव्हती.

उरलेले त्रेचाळीस हजार तीनशे भाऊंनी माझ्याकडून कापलेच, कारण तत्त्व म्हणजे तत्त्व. पण गाडी आता कोनला जाते. चिंधू आता इंजिनं खोलतो, टायरवाल्याचं भाडं बंद झालं, आणि नव्या तेलाचे दोन थेंब तो फडक्याशिवाय मातीवर सोडतो. गिऱ्हाईक विचारतं, हे कशाला? चिंधू म्हणतो, “बिलात लावीत न्हाय. घाबरू नको.”

शोरूमचा फोन मात्र दर महिन्याला मला येतो. गोड आवाज विचारतो, “सर, आपली काही तक्रार बाकी दिसतेय. काय आहे?”

“दहाचा पाना,” मी सांगतो. “दांड्यावर तीन रेघा.”

“नोट केलंय सर.”

नोट केल्याला आता आठ महिने झाले. पाना अजून तिकडेच आहे.