यहाँ तक आ गया

अरेरा कॉलनीतल्या आमच्या ऑफिसात लॉग हिंदीत लिहायची रीत होती. प्रोग्रॅम चालताना काय घडलं याची ओळ आपोआप नोंदली जाते, तो लॉग. आमच्याकडे ती ओळ असायची ‘यहाँ तक आ गया’. पुढच्या टप्प्यावर ‘यहाँ भी आ गया’. कोण आलं, कुठे आलं, देव जाणे! मी भांडायचे. टीम लीड म्हणायचा, “अपन को तो समझ आता है ना यार.” भाषेबद्दल माझी तक्रार नव्हती. त्या ओळीत काहीच नसायचं, याने डोकं फिरायचं.

एका डायलिसिस सेंटरला आम्ही अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर दिलं होतं. एकदा तिथे एक आजोबा आले, तर यादीत त्यांचं नावच नाही. मशीन रिकामं नव्हतं. त्यांना तसंच परत जावं लागलं. ठपका आला रिसेप्शनवरच्या बाईंवर. त्यांनी मला फोन केला.

“दीदी, मैंने एंट्री की थी. आपके यहाँ तो दिखता होगा ना? मेरी नौकरी का सवाल है.”

मी लॉग उघडला. सगळीकडे ‘यहाँ तक आ गया’. त्यातली आजोबांची ओळ कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ‘एंट्री झाली होती की नाही, हे सांगता येत नाही,’ असं आम्ही सेंटरला कळवलं. ते खरंच होतं.

मग कुणाला न विचारता मी त्या ओळी बदलल्या. कुठला पेशंट, एंट्री कुणी केली, सेव्ह झाली का, नसेल तर का नाही. लीडने तोंड वाकडं केलं, पण राहू दिल्या.

काही दिवसांनी पुन्हा तेच घडलं. या वेळी लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं : त्याच मोबाईल नंबरवर दुसऱ्या पेशंटची एंट्री आली, म्हणून आधीची पुसली. अशोका गार्डन या वस्तीतून पेशंटना आणणारा एक ऑटोवाला होता. अपॉइंटमेंटचा मेसेज वाचून न्यायला तोच येणार, म्हणून तिथल्या म्हाताऱ्या मंडळींनी, त्या पहिल्या आजोबांनीसुद्धा, त्याचाच नंबर दिला होता. एका नंबरचा एकच माणूस, असं आम्ही एसीत बसून ठरवलं होतं. मला आमच्या सगळ्यांचाच संताप आला.

मी लगेच सेंटरला फोन लावला. एंट्री तुम्ही केली होती, हे त्या बाईंना मला स्वतः सांगायचं होतं. पलीकडचा आवाज नवा होता.

“वो तो गईं, दीदी. अब मैं हूँ यहाँ.”

मी त्यांचा नंबर मागितला. तो तिच्याकडे नव्हता.