कोरीटची भरती-ओहोटी

आमच्या काकांइतका समुद्रावर जीव लावलेला माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात सापडायचा नाही; जिथे समुद्रच सापडत नाही, तिथे दुसरा स्पर्धक येणार कुठून! काका कोकणातल्या एका खाडीवर वनरक्षक होते. निवृत्त होऊन आमच्या गावी, कोरीटला आले ते खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळाच्या लांब हिरव्या शेंगा ओल्या फडक्यात गुंडाळून. परसातल्या सिमेंटच्या टाक्यात चिखल कालवून त्यांनी त्या खोचल्या आणि आमच्या घरात भरती-ओहोटी सुरू झाली. पंचांगातली तिथी बघून ते खाडीच्या भरतीची वेळ काढत, तेव्हा टाक्यात मिठाचं पाणी भरत, ओहोटीला उपसत. भरतीची वेळ रोज पुढे सरके, तसं त्यांचं जेवणही सरके. एका अमावास्येला उधाण म्हणून त्यांनी टाकं ओसंडून वाहू दिलं आणि काकूच्या वाळत घातलेल्या मिरच्या अंगणभर पोहायला लागल्या. "समुद्र तठे, आनि बुडी ऱ्हायनूत आमीन आठे!" काकू कडाडली. काका शांतपणे म्हणाले, "उधान शे ते. कोन्हा हातमा शे का?"

आम्ही पोट धरून हसायचो. पण त्या शेंगांमागे मोठं दुःख होतं. उमेदीची वर्षं गुडघाभर चिखलात उभं राहून काकांनी वाढवलेलं कांदळवन नव्या बांधानं भरती अडवल्यावर उभ्या उभ्या वाळलं होतं. शेंगा शेवटच्या हिरव्या झाडाच्या होत्या. "मी शे तोवर त्या खाडीमा जावाले पाह्यजेत," एवढंच ते म्हणत. मग खोकल्यानं त्यांना घेरलं आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बोलावलं.

गेल्या हिवाळ्यात घमेल्यात त्या शेंगांची रोपं घेऊन काका आणि मी एसटीनं खाडीवर गेलो. बांधाच्या आत नुसते राखाडी खुंट. काका बांधाबाहेरच्या चिखलात धापा टाकत उतरले आणि मला हातही लावू न देता रोपं लावली. थोड्या वेळानं पाणी चढलं, रोपं पार दिसेनाशी झाली.

"काका, गेली की हो!"

"नई रे, खरी भरती शे ती. आते त्यास्ले मन्ही गरज नई."

आपली गरज संपल्याचं ते इतक्या आनंदानं म्हणाले, की मला रडू आलं. पाडव्याच्या आधीच काका गेले. ती रोपं जगली का, हे बघायला जायचं धाडस मला अजून होत नाही.