दोन शाळा, एक भाची आणि गणितातली चेष्टा

"भाऊ, परवा सहावीच्या ॲडमिशनची शेवटची तारीख हाय. तू येऊन दोन्ही शाळा पाह्य," असा ताईचा फोन आला आणि मी निघालो. मी पेपरात लोकांची टर उडवणारं सदर लिहितो, म्हणजे भाऊ विद्वान आहे, असा तिचा जुना गैरसमज.

तुम्हालाही जायचं असेल तर नागपूरहून रेल्वेने गोंदिया, तिथून मध्य प्रदेशातल्या बालाघाटची बस, राजेगावला उतरायचं आणि किरनापूरकडे मिळेल त्या गाडीत मिळेल तेवढं बसायचं. मला अर्धं मिळालं. राजेगावला आलुबोंडा खा. मिरची मागू नका, ती न मागता आत असते.

ताईच्या घरासमोरच सरकारी शाळा. भाची मिताली तिथेच पाचवी झाली, मैत्रिणी तिथेच सहावीत जाणार. पण ताईचं एकच, पोरगी पाच किलोमीटरवरच्या शाळेत सायकलने जाईल. मिताली रडून रडून सुजली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या मोटारसायकलवर आधी लांबची शाळा पाहिली. रंगीत भिंती, दारावर 'स्मार्ट क्लास', आत टीव्ही, टीव्हीवर चादर.

"चालतो का?" मी शिपायाला विचारलं.

"चलता है ना साहब. रिमोट बड़े सर के पास है, और बड़े सर ट्रेनिंग में हैं."

"कशाचं ट्रेनिंग?"

"स्मार्ट क्लास का."

सातवीला विचारलं, चौबीस का तीन चौथाई? अख्ख्या वर्गाने वर पाहिलं. वर पंखा होता, उत्तर नव्हतं.

घरासमोरच्या शाळेत पंखाही नव्हता. तोच प्रश्न टाकला. मागून एक मुलगी ओरडली, "अठारा! अब आप बताओ सर, पच्चीस का?" मी घड्याळ पाहिलं. सुदैवाने जेवणाची वेळ झाली होती.

"ताई, जवळचीच बरी आहे. तू नको काहून म्हणतेस?"

"बरी? हे वाच!" तिने प्रगतिपत्रक माझ्या ताटाशेजारी आपटलं. शेरा होता: 'गणित में बहुत चेष्टा करती है.' "मी पोरीले इचारलं, काय वं, गणिताच्या तासाले चेष्टा करते का? तं म्हणते, हौ, रोज करती हूँ! वरून हासून राह्यली! बिघडवली ना पोरगी त्या शाळेनं?"

मी हातातला घास ताटात ठेवला. "अवं ताई, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न!"

पंधरा वर्षं ताई किरनापूरच्या बाजारात हिंदीत भांडून भाजी घेते. पण भाजीवाले 'कोशिश' म्हणतात. चेष्टा फक्त मास्तर करतात.

"मंग कोशिश लिहाले काय झालतं त्या मास्तरले?" ती म्हणाली. "मिताली, चप्पल घाल. फारम भराले चाल."

मिताली अनवाणीच पळाली. शाळा समोरच तर होती.

नागपूरला येऊन बॅग उघडली, तर वर वहीचा कागद. मितालीने माझंही प्रगतिपत्रक केलं होतं. गणित: कमजोर. खाना: उत्तम. शेरा: 'मामाजी बहुत चेष्टा करते हैं.'

फ्रिजवर लावलंय. बायको येता-जाता ते मराठीत वाचते आणि म्हणते, पोरीने बरोबर ओळखलं.