वीरभद्राच्या शेजारची जागा

वालूरच्या भागम्माला कुणाचं कौतुक म्हणून नव्हतंच. सुनेच्या भाकरीपासून पुढाऱ्याच्या भाषणापर्यंत सगळ्याला ती नाक मुरडायची. जन्म नवऱ्याच्या किराणा दुकानात गेला. थापा मारणारं गिऱ्हाईक तिला पायरीवरच कळायचं.

नवरा गेला त्या दिवशी मात्र ती एकच गोष्ट बोलली. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवून मातीत ठेवतात. वीरभद्राला गावाबाहेरच्या रुद्रभूमीत बसवलं, माती लोटली, आणि ती पंचांना म्हणाली, "ह्यांच्या डाव्या अंगाची जागा माझी हाय. तिथं दुसऱ्या कुणाला बसवायचं न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या.

तिचा मुलगा शिवप्रकाश पुण्याहून लँडस्केप आर्किटेक्ट होऊन आला आणि परभणीतल्या मंगल कार्यालयांना हिरवळ घालून देऊ लागला. हिरवळ बहुतेक प्लास्टिकची. त्याची त्यालाही लाज वाटत असावी, कारण त्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डॉ. योगीराज "आपण संशोधनात भागीदारी करू" म्हणाले तेव्हा स्वारी हरखून गेली. सर अभ्यास करणार, हा प्रत्यक्ष काम करणार आणि दोघं मिळून लिहिणार. विषय ठरला, गावच्या दफनभूमीचं उद्यान. मग जागा शिवप्रकाशच्या समाजाची, पंचांची मनधरणी शिवप्रकाशची, मजुरांमागे उन्हात पळणंही शिवप्रकाशचंच. सर गाडीतून उतरायचे, 'अवकाश' हा शब्द दोनचारदा उच्चारायचे आणि पुन्हा गाडीत जाऊन बसायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"त्यो मास्तर तिथं काय करायलाय?" भागम्मानं विचारलं.

"विचार करायलाय, माय."

"मग घरी कर म्हणावं. तिथं लोकं निजलेत."

फाटकापासून बेलाच्या झाडापर्यंत सरळ फरसबंदी रस्ता आखला गेला, आणि तो नेमका वीरभद्राच्या डाव्या अंगावरून गेला. शिवप्रकाशला नकाशातच ते दिसलं होतं. "सर, इथं आईची जागा ठेवलेली आहे," तो चाचरत म्हणाला. "रेषा मोडली की संकल्पना मोडते," सर म्हणाले. त्यावर या पठ्ठ्यानं स्वतः उभं राहून फरशी बसवून घेतली. आईला सांगायचं धाडस तर त्याला झालंच नाही.

तिला कळलं ते उद्घाटनाच्या दिवशी. नवऱ्याच्या समाधीला हात लावून तिनं डावीकडं पाहिलं, फरशीवर पाय आपटून बघितला आणि तिथंच मांडी घालून बसली. पाहुणे खोळंबले.

"आजी, जरा बाजूला बसता का?" सरांनी लाडीक आवाजात विचारलं.

"मी माझ्या जाग्यावर बसलेय. बाजूला तुमी व्हा."

उन्हं कलेपर्यंत ती हलली नाही. मेल्यावर नवऱ्याजवळ बसायचं एवढंच तिनं आयुष्यात मागितलं होतं, आणि तेही पोटच्या पोरानं बुजवलं, याचं तिला फार लागलं. सर काही वाद घालत बसले नाहीत. त्यांनी तिचा फोटो काढला आणि गाडीत बसून गेले.

काही महिन्यांनी लेख छापून आला. फोटोत भागम्मा रस्त्यावर मांडी घालून बसलेली, आणि खाली ओळ: 'नव्या मार्गाचा ज्येष्ठ महिलेकडून उत्स्फूर्त वापर'. लेखक एकटे डॉ. योगीराज. शिवप्रकाशचं नाव अगदी शेवटी, स्थानिक सहकार्याबद्दल आभार मानताना, पाणी पुरवणाऱ्या टँकरवाल्याच्या खाली.

त्यानं ते आईला वाचून दाखवलं. भागम्मा हसली नाही.

"ह्याच्यासाठी बापाच्या शेजारची जागा दिलीस?" तिनं विचारलं. "मला तरी त्यायनं फोटोत घेतलं. तुला काय दिलं रं?"

शिवप्रकाश उठला, परसातली पहार घेतली आणि रुद्रभूमीकडं चालू लागला. भागम्मा मागोमाग गेली आणि समाधीला टेकून उभी राहिली.

"माझ्यापुरतीच काढ," ती म्हणाली. "बाकीची राहू दे. मास्तराला आनखी एक लेख लिहायला कामाला यील."

पण शिवप्रकाशनं तिचं ऐकलं नाही. फाटकापर्यंतचा सगळा रस्ता त्यानं उखडून काढला.