गॅरेजच्या दाराखालची फट

आप्पा गेले तेव्हा दिवाणखान्यात त्यांना जिथे निजवलं होतं, तिथेच आत्याने दिवा लावला. दहाव्याला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाईपर्यंत तो तेवत ठेवायचा होता. समोरच गॅरेजमध्ये उघडणारं दार आहे. त्याच्याखाली बोटभर फट. शटरमधून गॅरेजमध्ये शिरलेला थंडीतला वारा तिथून सरळ घरात येतो. पहिल्याच संध्याकाळी ज्योत आडवी झाली आणि मी ओंजळ धरून बसले.

"अशी कवर बसशील?" आत्या म्हणाली. ती सायखेड्याची. "दिवा इझला नाय पायजे. त्या दाराचं कायतरी करा."

मी टॉवेलची गुंडाळी फटीत दाबली. दार उघडलं की ती सरकायची. सकाळी धाकट्या बहिणीने ती पायाने बाजूला सारली, बाहेर गेली आणि रबराची पट्टी, फोमची चिकटपट्टी घेऊन आली.

"सुतकात हार्डवेअरच्या दुकानात गेलेली तूच पहिली," आत्या म्हणाली.

"आप्पा असते तर तेच गेले असते."

गॅरेजमधल्या खिळ्यावरचा आप्पांचा खाकी शर्ट तिने अंगावर चढवला. उदबत्ती पेटवून ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवू लागली. धूर सरळ चढत होता; कडीपाशी एकदम वाकला.

"इथूनही वारा येतोय बघ."

"हे कुठे शिकलीस?"

"आप्पांनी शिकवलं."

त्या दाराच्या अलीकडे मी वाढले. आई आम्ही लहान असतानाच गेली. संध्याकाळी मी दिवाणखान्यात पुस्तक घेऊन बसायची आणि पलीकडे आप्पा आणि धाकटी, दोघं जुनी स्कूटर खोलून बसायची. त्यांचं हसणं आणि पेट्रोलचा, ग्रीसचा वास फटीतून माझ्यापर्यंत यायचा. मला कुणी आत येऊ नको म्हटलं नव्हतं. ये असंही म्हटलं नव्हतं. पुढे ती लग्न होऊन घोटीला गेली, तरी रविवारी यायची, आणि रविवारी आप्पा सकाळपासून हा शर्ट घालून तयार असायचे. बाकीचे सहा दिवस मी होते. गोळ्या मी द्यायची, नखं मी कापायची, पेपर मी वाचून दाखवायची. माझे ते आभार मानायचे. तिला शिव्या द्यायचे. "गाढवे, पाना उलटा धरलायस," असं मला आयुष्यात कधी ऐकायला मिळालं नाही.

"ताई, हे टोक धर."

मी धरलं. बिजागरीच्या बाजूला फोम जाड झाला आणि दाराची कडी लागेना. तिने तो सोलून काढला. "गाढवे," ती स्वतःलाच म्हणाली, हुबेहूब त्यांच्या सुरात. आत्याने चमकून पाहिलं.

ती खाली बसून रबराची पट्टी ठोकायला लागली, तेव्हा मी विचारलं, "इतकी वर्षं ही फट का नाही बुजवली मग?"

"मी कितीदा म्हटलं. आप्पाच नको म्हणायचे. फटीतून तुझ्या दिव्याचा उजेड दिसायचा ना. तो गेला की म्हणायचे, ताईचं पुस्तक संपलं, चल आवर आता."

तोंडात खिळे धरून, सहज बोलली ती. मला बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलं ते एवढंच, की हेसुद्धा ते तिलाच म्हणाले. मला सांगायला दार उघडावं लागलं असतं.

काम झालं. स्कूटरचा धूर आत येतो का ते बघायला ती पलीकडे गेली, दार ओढून घेतलं, शटर वर करून स्कूटर सुरू केली. मी दिव्याजवळ बसले. ज्योत सरळ उभी होती. इंजिनाचा आवाज लांब कुठल्या तरी गल्लीतून यावा तसा येत होता. वास नव्हताच. मी दाराजवळ जाऊन मोठा श्वास घेतला. रबराचा नवा वास तेवढा आला.

इंजिन थांबलं. दार उघडलं आणि तिच्याबरोबर तो सगळा वास आत आला, पेट्रोलचा, ग्रीसचा, त्या शर्टाचा.

"आला का गं वास?"

"नाही." ज्योत थरथरली. मी हात आडवा धरला. "दार लाव आधी. आणि तो शर्ट मला दे."

"हा? अगं, ग्रीस लागलंय याला."

"असू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. शर्टाच्या बाह्या तिने मुठीत धरल्या होत्या. बराच वेळ तिने त्या सोडल्या नाहीत.