वहिनींचा लग्नातला आरसा

माझे शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दू पाचवीपर्यंतच झाले. तथापि कचेरीसमोर बसून मी लिहिलेल्या अर्जांत आजतागायत एकाही साहेबाने दुरुस्ती केलेली नाही. सबब, ही हकिकतही मी यथायोग्य मांडीन, असा मला भरवसा आहे.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन फार काळ लोटला नव्हता. माझे थोरले बंधू विषमज्वराने गेले. कागदाची तसबीर वाळवी खाते, म्हणून त्यांचा मुखडा आरशावर उतरवून घ्यावा, असे आईने ठरविले. घरात आरसा एकच होता, वहिनींच्या लग्नातला. त्यांना आता त्याचा काय उपयोग, असे आईचे म्हणणे.

आई, वहिनी आणि मी असे तिघे शहागंजातल्या चित्रकाराकडे गेलो. त्याने कामाची रीत सांगितली. आरशाच्या पाठीवरचा मुलामा मधोमध खरवडायचा, तिथे फोटोची नक्कल चिकटवायची आणि ओल्या बोटाने कागद चोळून काढायचा. काचेवर केवळ चेहरा उरतो. मग मागून रंग भरायचे.

"आन् कडंनं फुलं काढ," आई म्हणाली. "समद्या आरशावर. कुठं काच दिसू नाय."

"अम्मा, इतने फूलों में साहब गुम हो जाएंगे!" चित्रकार म्हणाला.

वहिनी दाराशी उभ्या होत्या. "आत्याबाई, थोडा आरसा राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या.

"कशाला? कुणाला तोंड दाखवायचंय आता?"

सदरहू आरसा वहिनींच्या माहेरचा असून त्यावर त्यांचा हक्क पोहोचतो, असे मी सविस्तर निवेदन करू लागलो.

"तुझा अर्ज कचेरीत दे," आईने मला गप्प केले.

चित्रकाराने एकवार वहिनींकडे पाहिले. फुलांसाठी इतके खरवडले तर सगळाच मुलामा उखडेल, चेहराही टिकणार नाही, असे त्याने आईस सांगितले. ते खरे होते की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. फुले चार कोपऱ्यांतच आली. चेहऱ्याखाली वीतभर आरसा शिल्लक राहिला.

तसबीर भिंतीवर चढली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी तिच्यासमोर उभ्या राहून केस विंचरत होत्या. आई मागे येऊन थांबली.

"काय बघतीस?"

"त्यांना बघते."

आईने त्यांच्या हातातली फणी काढून घेतली.

"मागं गुंता तसाच हाय. बस खाली."

"खाली बसल्यावर दिसायचं नाय, आत्याबाई."

"मग ऱ्हा उभी," आई म्हणाली, आणि टाचा उंचावून विंचरू लागली.